न फवारलेला वाफा

अमेरिकेतील एखाद्या कृषी विद्यापीठाच्या हिरवळ-संशोधन केंद्रावर ऑगस्ट महिन्यात उंचावरून नजर टाकली, तर खाली गोधडी अंथरल्यासारखे दृश्य दिसते. पाच-सहा फुटांचे चौकोन ओळीने मांडलेले असतात. काही गर्द हिरवे, काही पिवळसर, तर काही पोपटी आणि राठ. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात एक लहानशी खुंटी असते व तिच्यावर एक आकडा. त्या आकड्यावरून चौकोनात काय फवारले हे कळत नाही. ते एका वहीत लिहिलेले असते.

या गोधडीत काही चौकोन असे असतात, की तिथे तण अक्षरशः माजलेले असते. पाहणाऱ्याला वाटावे, माळी इकडे यायचाच विसरला! पण ते चौकोन मुद्दाम तसे ठेवलेले असतात. त्यांच्यावर काहीही फवारलेले नसते, आणि बाकीच्या सगळ्या चौकोनांचा अर्थ त्यांच्यावरच अवलंबून असतो.

या लेखात आपण या गोधडीचा इतिहास पाहणार आहोत. विषय वरवर अगदी किरकोळ आहे. घरापुढच्या हिरवळीत उगवणारे क्रॅबग्रास नावाचे एक तण आणि ते मारण्यासाठी वापरलेली औषधे, एवढाच. पण प्रयोग म्हणजे काय, तो काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे समजून घ्यायला इतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

गवतात गवत

क्रॅबग्रास म्हणजे डिजिटेरिया प्रजातीतील गवत. लॅटिनमध्ये 'डिजिटस' म्हणजे बोट. या गवताचा तुरा हाताची बोटे फाकवावीत तसा फुटतो, म्हणून हे नाव. आपली हरळी किंवा नाचणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना असा तुरा नवा नाही. डिजिटेरियाच्या काही जाती आपल्याकडे खरिपाच्या शेतातही तण म्हणून उगवतात. जमिनीलगत चहूबाजूंना पसरणाऱ्या फांद्यांमुळे हे गवत खेकड्यासारखे दिसते, म्हणून इंग्रजीत त्याला खेकड्याचे नाव मिळाले.

गंमत अशी, की याच प्रजातीतील काही गवते माणसाने धान्य म्हणून जोपासली आहेत. पश्चिम आफ्रिकेतील फोनिओ हे धान्य डिजिटेरियाच. मेघालयातील खासी टेकड्यांत पिकवले जाणारे रायशान हेही डिजिटेरियाच. अमेरिकेत ज्याच्याशी युद्ध चालले त्या मोठ्या क्रॅबग्रासचीसुद्धा मध्य युरोपात एके काळी धान्यासाठी लागवड होत असे. तेव्हा 'तण' ही वनस्पतीची जात नव्हे. आपल्याला नको तिथे उगवलेली वनस्पती म्हणजे तण, हे विद्यार्थ्यांना सांगायला हे उदाहरण हाताशी ठेवावे.

अमेरिकेच्या थंड भागात हिरवळीसाठी मुख्यतः केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू अशी गवते लावतात. ती बहुवर्षायू असतात आणि त्यांना थंड हवा मानवते. क्रॅबग्रास मात्र एकवर्षायू आहे. वसंत ऋतूत मातीचे तापमान सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिरावले की त्याचे बी रुजू लागते. भर उन्हाळ्यात ब्लूग्रास मरगळते, तर क्रॅबग्रास जोमाने वाढते. याचे कारण प्रकाशसंश्लेषणात आहे. ऊस, मका, ज्वारी यांच्याप्रमाणे क्रॅबग्रास सी-४ गटातील वनस्पती आहे, तर ब्लूग्रास गहू-भाताप्रमाणे सी-३ गटातील. उष्ण आणि कोरड्या हवेत सी-४ वनस्पती कमी पाण्यात अधिक अन्न तयार करतात. शरद ऋतूतले पहिले हिमतुषार पडले की क्रॅबग्रास मरते आणि हिरवळीत तपकिरी चट्टे उरतात. पण तोवर त्याने बी टाकलेले असते. एका मोकळ्या वाढलेल्या झाडापासून दीड लाखापर्यंत बिया मिळू शकतात!

चाळणी तोकडी पडते

१९४४ हे वर्ष तणनाशकांच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. वनस्पतींच्या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या ऑक्सिन या संप्रेरकासारखी कृत्रिम द्रव्ये तयार करण्याचे काम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड व अमेरिकेत चालू होते. त्यातलेच एक २,४-डी. अमेरिकी कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात पॉल मार्थ आणि जॉन मिचेल यांनी ते ब्लूग्रासच्या हिरवळीवर फवारून पाहिले. डँडेलिऑनसारखी रुंद पानांची तणे वेडीवाकडी पिळवटून मेली आणि गवत तसेच उभे राहिले. हे निष्कर्ष १९४४ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी या दोघांनी गोल्फ संघटनेच्या हिरवळ विभागातील फॅनी-फर्न डेव्हिस यांच्यासह गोल्फ मैदानांवरील तणनियंत्रणाबद्दलही लिहिले.

पिकाला धक्का न लावता तण मारणारे म्हणजेच निवडक तणनाशक ही कल्पना इथून घरोघरी पोचली. गहू आणि उसातील रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी आपल्याकडेही वापरले जाते. त्याला आपण एक चाळणी म्हणू. ही चाळणी रुंद पानांच्या वनस्पती एका बाजूला काढते आणि गवते दुसऱ्या बाजूला.

पण क्रॅबग्रास हे स्वतःच गवत! चाळणीतून ते ब्लूग्रासबरोबर सहीसलामत सुटले. उलट रुंद पानांची तणे मेल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागा त्याला आयत्याच मिळाल्या. गवतातून गवत कसे वेगळे काढायचे, हा प्रश्न आता पुढे आला.

भुंगेऱ्याच्या औषधाचा जोडपरिणाम

हा प्रश्न तसा नवा नव्हता. १९१६ साली न्यू जर्सीतील रिव्हरटन येथे जपानी भुंगेरा प्रथम आढळला. आपल्याकडे उसाची मुळे खाणारी हुमणी असते, तशीच या भुंगेऱ्याची अळी गवताची मुळे खाते. तिच्या बंदोबस्तासाठी १९२० च्या दशकात गोल्फ मैदानांच्या मातीत लेड आर्सेनेट मिसळू लागले. हे शिसे आणि आर्सेनिक यांचे संयुग. काही काळाने मैदान राखणाऱ्यांच्या लक्षात आले, की जिथे हे औषध घातले तिथे क्रॅबग्रासही कमी उगवते.

यानंतर क्रॅबग्राससाठी एकामागून एक द्रव्ये वापरून पाहण्यात आली. १९४० च्या दशकाअखेर फिनाइल मर्क्युरिक अ‍ॅसिटेट हे मूळचे बुरशीनाशक या कामी आले. त्यात पारा होता. १९५० च्या दशकात आर्सेनिकची सेंद्रिय संयुगे आली. क्लोरडेन हे कीटकनाशकही क्रॅबग्राससाठी विकले गेले.

प्रत्येक औषधाचे गुण गाणारे लोक होते. "गेल्या साली फवारले आणि यंदा तण दिसत नाही," असे ते सांगत. पण यंदा पाऊस उशिरा आला म्हणून तण कमी उगवले नसेल कशावरून? ज्या भागात फवारले तो भाग सावलीतला असेल तर? अशा शंकांची उत्तरे केवळ अनुभवाच्या गोष्टींतून मिळत नाहीत. त्यासाठी निराळी रीत लागते. ती रीत गवतावर नव्हे, तर गव्हाच्या शेतात घडली होती.

चिठ्ठ्या टाकण्याचे शास्त्र

इंग्लंडमधील रॉदमस्टेड येथे १८४३ सालापासून शेतीचे प्रयोग चालू आहेत. तिथल्या ब्रॉडबाक नावाच्या शेतात वर्षानुवर्षे निरनिराळी खते घालून गव्हाचे उत्पन्न मोजले जात होते. या आकड्यांचा ढीग तपासण्यासाठी १९१९ साली रोनाल्ड फिशर हे तरुण गणिती तिथे रुजू झाले. आकडे पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आले, की अडचण आकडेमोडीत कमी आणि प्रयोगाच्या मांडणीत जास्त आहे. जमीन कुठेच सारखी नसते. एका कोपऱ्यात ओल धरते, दुसरीकडे खडक वर येतो. अशा जमिनीत दोन वाफ्यांतला फरक खतामुळे पडला की मातीमुळे, हे ठरवायचे कसे?

फिशर यांनी १९२५ व १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतून आणि १९२६ सालच्या एका निबंधातून तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, प्रत्येक उपचार एकाच वाफ्यावर न करता अनेक वाफ्यांवर करा, ही पुनरावृत्ती. दुसरी, शक्य तितक्या सारख्या जमिनीचे गट पाडा आणि प्रत्येक गटात सगळे उपचार एकेकदा येऊ द्या. तिसरी आणि सर्वांत नवी, गटातल्या कोणत्या वाफ्याला कोणता उपचार द्यायचा हे स्वतः न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवा.

चिठ्ठ्या कशासाठी? क्रॅबग्रासचेच उदाहरण घेऊ. सिमेंटच्या पायवाटेलगतची माती लवकर तापते, म्हणून तिथे क्रॅबग्रास लवकर आणि दाट उगवते. समजा, आपण चार उपचार चार गटांत तपासत आहोत आणि प्रत्येक गटातील एक वाफा पायवाटेला लागून आहे. सोयीसाठी प्रत्येक गटात 'क' हे औषध पायवाटेलगत फवारले, तर ते कितीही चांगले असले तरी वाईट ठरेल. चिठ्ठ्या टाकल्या तर चारही गटांत 'क' पायवाटेलगत येण्याची शक्यता १/४ × १/४ × १/४ × १/४, म्हणजे २५६ मध्ये १ इतकीच उरते. शिवाय कोणाचा कल कोणत्या औषधाकडे आहे, हा प्रश्नही निकालात निघतो. चिठ्ठीला कोणाचीच भीड नसते.

या पद्धतीशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे या दोन संख्याशास्त्रज्ञांनी शेतीच्या प्रयोगांसाठी लिहिलेले पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केले. 'पानसे-सुखात्मे' या जोडनावानेच ते आपल्या शेतकी महाविद्यालयांत ओळखले जाते. पदव्युत्तर प्रबंधांच्या संदर्भसूचीत हे नाव हमखास सापडते.

तण मारण्यासाठी तण पेरा

आता आपण हिरवळीवरच्या चाचणीकडे वळू. औषध तपासणाऱ्याची पहिली गरज असते भरपूर क्रॅबग्रास! न फवारलेल्या वाफ्यातच तण उगवले नाही, तर औषधाने काय केले हे सांगता येत नाही. म्हणून संशोधक हिरवळ मुद्दाम खुरटी कापतात, कधी वरून क्रॅबग्रासचे बी फेकतात. तण मारण्याचा अभ्यास करण्यासाठी आधी तण जोपासावे लागते.

मग गट पाडून, चिठ्ठ्या टाकून औषधे फवारली जातात. दाब कायम ठेवणाऱ्या पंपाने प्रत्येक वाफ्यावर मोजून तेवढेच द्रावण पडेल असे पाहतात. उन्हाळ्यात ठरावीक दिवशी वाफ्याचा किती टक्के भाग क्रॅबग्रासने व्यापला आहे, याचा अंदाज घेतात. हिरवळीला इजा झाली का, याचीही नोंद होते. नोंद घेणाऱ्यासमोर खुंटीवरचा आकडा तेवढा असतो. 'हे नवे औषध' असे माहीत असले की नकळत नजर उदार होते, म्हणून ही काळजी.

हिशेब सोपा आहे. समजा, न फवारलेल्या वाफ्यांत सरासरी ६० टक्के भागावर क्रॅबग्रास आहे आणि फवारलेल्या वाफ्यांत ९ टक्के. तर नियंत्रण (६० − ९) ÷ ६० × १००, म्हणजे ८५ टक्के. आता दुसरे वर्ष कोरडे गेले असे धरा. न फवारलेल्या वाफ्यांतच ५ टक्के तण आहे आणि फवारलेल्यांत ४ टक्के. नियंत्रण भरते अवघे २० टक्के. पण ज्याच्याकडे न फवारलेला वाफाच नाही तो काय म्हणेल? "पहिल्या वर्षी ९ टक्के तण राहिले होते, यंदा ४ टक्केच, औषध आता अधिक चांगले लागू पडले!" वस्तुस्थिती नेमकी उलटी असते. न फवारलेला वाफा हा प्रयोगाचा साक्षीदार आहे. तो नसेल, तर बाकीच्यांची जबानी कितीही ठाम असली तरी ती तपासून पाहायला काही उरत नाही.

काळाची चाळणी

अशाच चाचण्यांतून १९५० च्या दशकाअखेर गवतातून गवत वेगळे काढण्याची युक्ती सापडली. पानाच्या आकारावरून चाळणी लावता येत नसेल, तर ती वेळेवरून लावायची. ब्लूग्रास बहुवर्षायू असल्यामुळे वसंतात त्याची मुळे आधीच खोल गेलेली असतात. क्रॅबग्रासला दर वर्षी बियांपासून नव्याने सुरुवात करावी लागते. तेव्हा त्याचे बी रुजण्यापूर्वीच मातीच्या वरच्या पातळ थरात औषध पसरून ठेवले, तर कोवळे मूळ त्या थरातच सापडते आणि खोल मुळांचे जुने गवत वाचते. यांना उगवणीपूर्व तणनाशके म्हणतात. डीसीपीए हे त्यांपैकी एक प्रमुख. डॅक्थल या नावाने विकले जाणारे हे द्रव्य अमेरिकेत १९५८ साली हिरवळीसाठी नोंदले गेले. आपल्या सोयाबीन आणि कांदा उत्पादकांच्या ओळखीचे पेंडीमेथॅलिन पुढच्या काळातले, पण याच रीतीने काम करणारे आहे.

ही औषधे बी मारत नाहीत. बी रुजते, पण मूळ वाढत नाही. असे का व्हावे? अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी कांद्याच्या मुळाच्या टोकातील पेशीविभाजन सूक्ष्मदर्शकातून पाहिलेले असते. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन्ही टोकांकडे ओढून नेणारे तुर्कतंतू प्रथिनांच्या सूक्ष्म नलिकांचे बनलेले असतात. ही औषधे त्या नलिकांची जुळणी बिघडवतात. मग विभाजन अर्ध्यावर अडते, मुळाचे टोक फुगते आणि रोप मातीवर येण्याआधीच मरते. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातील कोल्चिसीन हे विषही सूक्ष्म नलिकांवरच हल्ला करते. प्रयोगशाळेत पेशीविभाजन मधेच थांबवून गुणसूत्रे पाहण्यासाठी ते वापरतात.

चाचण्यांच्या वाफ्यांत डीसीपीए चांगले ठरले. क्रॅबग्रास कमी झाले, हिरवळीला इजा झाली नाही. आकडे खरे होते, मांडणी चोख होती. मग गोष्ट इथेच संपायला हवी होती.

वहीत नसलेला रकाना

ती संपली नाही. लेड आर्सेनेटची नोंदणी अमेरिकेत १९८८ साली पूर्णपणे रद्द झाली. क्लोरडेनचा वापरही त्याच वर्षी थांबला. पाऱ्याची संयुगे १९९० च्या दशकात हिरवळीवरून हद्दपार झाली. आर्सेनिकच्या बहुतेक सेंद्रिय तणनाशकांचे उपयोग २००९ सालच्या निर्णयाने बंद करण्याचे ठरले. शिसे आणि आर्सेनिक ही मूलद्रव्ये आहेत, त्यांचे विघटन होऊन ती नाहीशी होत नाहीत. ज्या मातीत ती घातली तिथे ती आजही आहेत.

डीसीपीए यांच्या मानाने सौम्य मानले गेले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३ साली उत्पादकाकडे थायरॉइड ग्रंथीवरील परिणामांच्या अभ्यासासह आणखी माहिती मागितली. तो अभ्यास संस्थेच्या हाती पडायला २०२२ साल उजाडले. गर्भवती स्त्रीचा या द्रव्याशी संपर्क आला तर गर्भाच्या थायरॉइड संप्रेरकांच्या पातळीत बदल होऊ शकतो, असे दिसले. अशा बदलांचा संबंध जन्मतः कमी वजन, मेंदूच्या वाढीतील उणीव आणि बुद्ध्यंकातील घट यांच्याशी जोडला जातो. हे द्रव्य हाताळणाऱ्या गर्भवतींच्या बाबतीत संपर्काचे प्रमाण गर्भासाठी सुरक्षित मानलेल्या मर्यादेच्या ४ ते २० पट असू शकते, असा संस्थेचा अंदाज होता. हिरवळीवरचा वापर उत्पादकाने डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःहून सोडला होता. भाजीपाल्याच्या शेतांतला वापर मात्र चालूच होता. ऑगस्ट २०२४ मध्ये संस्थेने तातडीचा आदेश काढून डीसीपीए थांबवले. अशा तातडीच्या अधिकाराचा वापर जवळपास ४० वर्षांत प्रथमच झाला.

१९५८ ते २०२४, म्हणजे ६६ वर्षे. या काळात हिरवळीवरच्या चाचण्या खोटे बोलल्या का? नाही. त्यांना विचारले होते, "क्रॅबग्रास किती उरले? हिरवळीला इजा झाली का?" त्यांनी त्याचे खरे उत्तर दिले. फवारणाऱ्या मजुराच्या अंगावर काय गेले, दुसऱ्या दिवशी त्या शेतात कांदा काढणाऱ्या बाईच्या पोटातल्या मुलाचे काय झाले, विहिरीच्या पाण्यात काय उतरले, हे रकाने त्या वहीत नव्हतेच. इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अमेरिकेत १९४७ च्या कायद्याप्रमाणे कीडनाशके व तणनाशके यांची नोंदणी कृषी खात्याकडे होती. पीक वाढवणे ज्याचे काम, त्याच खात्याकडे विषाची तपासणीही होती. १९७० साली पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाल्यावर हे काम तिच्याकडे गेले. कोणता प्रश्न विचारायचा हे बहुधा विचारणारा कोण आहे यावर ठरते.

रेचेल कार्सन यांनी १९६२ सालच्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात क्रॅबग्रासचा मुद्दाम उल्लेख केला होता. क्रॅबग्रास हा रोग नसून लक्षण आहे, हिरवळ आणि तिची माती अशक्त झाल्याचे ते चिन्ह आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. औषधांच्या चाचण्यांत हा प्रश्नही नव्हता. कारण तिथे उपचार म्हणून औषधेच मांडली जात होती.

तो प्रश्न मांडल्यावर काय झाले? मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी टॉल फेस्क्यू गवताच्या हिरवळीत गवत कापण्याची उंची, नत्र खत आणि तणनाशक हे सर्व एकाच प्रयोगात उपचार म्हणून घेतले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की सुमारे ९ सेंटिमीटर उंचीवर कापलेल्या गवतात क्रॅबग्रास खुरट्या कापलेल्या गवतापेक्षा कितीतरी कमी येते. कारण सोपे आहे. उंच गवताची सावली जमिनीवर पडते, माती थंड राहते आणि कोवळ्या रोपाला ऊन मिळत नाही. कापण्याच्या यंत्राचे पाते दोन बोटे वर करणे हाही एक उपचारच होता. तो वाफ्यात मांडला, तेव्हाच त्याचे बळ आकड्यांत दिसले.

शाळेच्या मैदानावर

हा प्रयोग आपल्याला कोणत्याही औषधाशिवाय करता येईल. औषध विद्यार्थ्यांच्या हाती देऊच नये. मैदानाच्या कडेला हरळी आणि तण मिसळून वाढलेली जागा निवडा. एक मीटर लांबी-रुंदीचे १२ वाफे सुतळीने आखा. त्यांचे चार गट करा. झाडाच्या सावलीतले तीन वाफे एका गटात, उन्हातले दुसऱ्या गटात, याप्रमाणे. प्रत्येक गटात तीन उपचार असतील: गवत जमिनीलगत कापणे, गवत चार बोटे उंच ठेवून कापणे आणि काहीही न करणे. कोणत्या वाफ्याला काय, हे विद्यार्थ्यांनी चिठ्ठ्या काढून ठरवावे. पावसाळाभर दर पंधरवड्याला वाफ्यात तणांची किती रोपे आहेत ती मोजावीत. मोजणाऱ्यांनी शक्य तर उपचार ठरवणाऱ्यांपैकी नसावे. शेवटी प्रत्येक उपचाराची सरासरी काढून न कापलेल्या वाफ्यांशी तुलना करावी.

सरासरी लिहून झाली की वही मिटण्यापूर्वी विद्यार्थ्यांना आणखी एक काम सांगावे. आपण जे मोजले नाही त्याची यादी करा. गांडुळे मोजली का? मुंग्या? मातीची ओल? उंच गवतात विंचू-काट्याची भीती वाढली का? गवत कापणाऱ्या शिपाईमामांचा वेळ किती गेला? यादी लांबत जाईल आणि ती कधीच पूर्ण होणार नाही. तरीही ती लिहिलेली असावी. पुढच्या वर्षीचा वर्ग त्यातला एखादा रकाना उचलून आपल्या वहीत आखेल.

आणि चिठ्ठीत 'काहीही न करणे' आलेला वाफा कोणी स्वच्छतेच्या उत्साहात साफ करू नये, एवढी दक्षता मात्र घ्यावी. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवलेले बरे!